अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे?

आमच्या रामबागेतल्या घरी महिन्याकाठी एकदा तरी हा फोन येतोच. "मावशी, एक मुलगा आहे, कुठे ठेवता येईल का?" विचारणारा कधी नात्यातला, कधी गणेशोत्सव मंडळातला, कधी माझा जुना विद्यार्थी. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. गेली काही वर्षं शनिवारी एका बालगृहात दहावीच्या मुलांचं गणित घेते, एवढाच या विषयाशी माझा संबंध. पण इंदुरात एकदा 'हिला त्यातलं कळतं' असं ठरलं की सुटका नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते, पुढच्या फोनला हेच पाठवीन.

माझा पहिला उलट प्रश्न वयाचा असतो, आणि लोकांना त्याचा राग येतो. पोर समोर रडतंय आणि बाई जन्मतारीख विचारतायत! पण सगळं तिथूनच दोन वाटांना फुटतं. मूल अठराच्या आतलं असेल तर त्याला कुठे ठेवायचं हे ठरवायचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, एखाद्या पुण्यवान ट्रस्टलाही नाही. तो जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा. अठरा उलटली असतील तर तो सज्ञान झाला. त्याला कुणी 'ठेवत' नाही, तो स्वतःच्या सहीने राहायला जातो. वय कशावरून धरायचं याचाही क्रम कायद्यात दिलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड त्या यादीत नाही, आणि लोक नेमकं तेच घेऊन येतात.

अठराच्या आतलं मूल

कायदा २०१५ चा, किशोर न्याय कायदा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. त्याखाली नेमलेल्या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक बाई हवीच. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणजे तिचा कागद हा सल्ला नसून हुकूम असतो. महिन्यातले किमान वीस दिवस तिने बसायचं असतं, आणि समिती बसलेली नसेल त्या वेळी एका सदस्यापुढेही मूल हजर करता येतं.

कुणी हजर करायचं? पोलिसांनी, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवाल्यांनी, दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सनी, समाजसेवकांनी, तुमच्याआमच्यासारख्या कुणीही. मूल स्वतः चालत गेलं तरी चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मुदत चोवीस तासांची, प्रवासाचा वेळ सोडून. सरवटे बसस्टँडवर एकटं पोर दिसलं आणि कुणी भल्या मनाने म्हणालं, "आधी घरी नेऊन जेवू घालू, सोमवारी बघू," तर ते भलेपण अंगाशी येऊ शकतं. आईबापांपासून ताटातूट झालेलं, टाकून दिलेलं मूल सापडल्याची खबर चोवीस तासांत दिली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. जेवू घाला, जरूर घाला, पण ताट वाढता वाढता १०९८ लावा.

पुढचं काम असं चालतं. मुलाला तात्पुरतं सुरक्षित जागी पोचवलं जातं. एक माणूस घरी, शाळेत, शेजारी चौकशी करून अहवाल लिहितो, त्याला पंधरा दिवस मिळतात. चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम आदेश द्यायचा असतो. त्या आदेशात बालगृह असेलच असं नाही. मूल आईबापांकडे परत जाऊ शकतं, मामा-काकांकडे किंवा समितीने योग्य ठरवलेल्या माणसाकडे जाऊ शकतं, दुसऱ्या कुटुंबात संगोपनासाठी जाऊ शकतं. कायद्याच्या पहिल्या काही पानांतच लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय.

हे मी ठासून सांगते, कारण आपल्याकडे गरिबी आली की मूल 'आश्रमात टाकायचं' ही जुनी खोड आहे. परदेशीपुऱ्यातली एक बाई दोन मुलांना घेऊन आली होती. भाऊ-भावजय वारले, पोरं हिच्या गळ्यात, घरी खायला पुरेना, म्हणून आश्रम शोधत होती. आपल्या मध्य प्रदेशात २०२२ ची मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. आईबाप दोन्ही गेलेलं, नातेवाइकाकडे राहणारं अठराच्या आतलं मूल असेल तर दर महिन्याला ४,००० रुपये मिळतात. मुलं आत्याकडेच राहिली. तिला आश्रम नको होता, तिला किराणा हवा होता.

संस्थेतच ठेवायची वेळ आली तर एक गोष्ट बघा: नोंदणीचं प्रमाणपत्र. ते पाच वर्षांचं असतं. मग तारीख बघा. विनानोंदणी मुलं ठेवणं हा गुन्हा आहे, भिंतीवर कितीही देवांच्या तसबिरी असोत.

कागदावर काय लिहायचं

आता माझी चूक सांगते. कारण या सगळ्या प्रकरणात जागा शोधण्यापेक्षा अवघड काम आहे मुलाबद्दल खरं लिहिणं, आणि ते मी एकदा सपशेल बिघडवलं.

एक मुलगा, माझ्याच शनिवारच्या वर्गातला. नाव देणार नाही. अशा मुलांची ओळख छापणं कायद्याने गुन्हा आहे, कलम ७४. अठरा पूर्ण झाली, बालगृहातून निघायची वेळ आली. आयटीआयला फिटर ट्रेडला प्रवेश मिळालेला. एका ट्रस्टचं कामकरी मुलांसाठीचं वसतिगृह होतं, तिथला अर्ज मी भरला. रकाना होता, 'काही आजार?' मुलाला फिट यायची. गोळी चालू होती आणि दीड वर्षात एकदाही आली नव्हती. मी विचार केला, उगाच कशाला, लिहिलं तर घेणार नाहीत. लिहिलं, 'नाही'.

तिसऱ्या रात्री फिट आली. जागा बदलली होती, मेसची वेळ वेगळी, त्यात रात्रीची गोळी राहून गेली होती. खोलीतली पोरं घाबरली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी चमचा दातांत कोंबला. पुढच्या दाताचा टवका उडाला. साडेबाराला वॉर्डनचा फोन: "मॅडम, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. तुम्ही फसवलंत." आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. चमचा चुकला, वाक्य बरोबर होतं.

रिक्षातून लोखंडी ट्रंकेसकट त्याला घरी आणला. अकरा दिवस राहिला. पहाटे पाचला उठून, पांघरुणाची चौकोनी घडी घालून, दिवाणाच्या कडेवर बसून राहायचा. आमच्या ह्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय रे, कशाची वाट बघतोस?" म्हणाला, घंटा झाली नाही ना अजून. फ्रीज उघडायला तो कधीच धजावला नाही. चौदा वर्षं ज्याने एकही दार स्वतःच्या किल्लीने उघडलेलं नाही, त्याला आपण एका दुपारी 'जा, स्वतंत्र राहा' असं सांगतो.

त्या अकरा दिवसांत मी शिकले की अर्जात 'वर्तणूक चांगली, स्वभाव शांत' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. घेणाऱ्याला कळायला हवं की आजार कोणता, गोळी किती वाजता, चुकली तर काय होतं. काय झालं की मुलगा बिथरतो आणि कशाने निवळतो. रागावर एकदा हात उचलला असेल तर तेही लिहायचं, कधी, कशावरून, पुढे काय केलं ते धरून. स्वतःचं काय काय करू शकतो: वरण-भात लावता येतो का, बँकेत पैसे भरता येतात का, बस बदलून जाता येतं का. आणि रात्री बाराला फोन लागला तर उचलणारं माणूस कोण. संस्थाही मग खरं बोलतात. "आमच्याकडे रात्री कुणी नसतं, हा मुलगा आम्हाला झेपायचा नाही," असं त्यांनी आधीच सांगितलं तर तो नकार नाही, ती मदत आहे. लपवून मिळवलेली खाट तीन दिवस टिकते, हे मी मोजून सांगतेय.

आणि मुलाला विचारा. त्याचं ऐकून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, पण मी कायद्यासाठी म्हणत नाहीये. खोलीत अजून किती जण, जेवण कसलं, फोन वापरू देतात का, हे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत, त्याला सुचतात. शक्य असेल तर आधी एकदा जागा दाखवून आणा.

अठरा उलटल्यावर

महाराष्ट्रात याला 'अनुरक्षण' म्हणतात, अनुरक्षण गृहं आहेत. आपल्याकडे कचेरीत सरळ 'आफ्टर केअर' म्हणतात. संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वयाच्या मुलामुलींना आधार द्यायचा, आणि खास परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे तेविशीपर्यंत. २०१६ च्या नियमांत चित्र छान रंगवलंय. सहा ते आठ जणांनी मिळून राहायचं घर, शिकत असताना विद्यावेतन, बोलायला समुपदेशक, हळूहळू स्वतःच्या पायावर. मुलगा बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याची योजना लिहून समितीपुढे ठेवायची, असंही नियम सांगतो.

दोन महिने! मुलीचं लग्न ठरलं तर आपण कार्यालय सहा महिने आधी धरतो. माझं मत विचाराल तर ही तयारी सोळाव्या वर्षी सुरू व्हायला हवी. आणि मूळ कायद्यातली आणखी एक मेख: आर्थिक मदत 'देता येईल' असा शब्द आहे, 'दिलीच पाहिजे' असा नाही. म्हणून मागायला जावं लागतं, तेही कागद घेऊन.

पैसे कुठून येतात ते सांगते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून आफ्टर केअरसाठी महिन्याला ४,००० रुपये. आपल्या बाल आशीर्वाद योजनेत, बालगृहातून निघालेला तरुण इंटर्नशिप किंवा व्यवसाय-प्रशिक्षण घेत असेल तर महिन्याला ५,००० रुपये. नीट, जेईई, क्लॅटसारख्या परीक्षेतून प्रवेश मिळवला तर ५,००० ते ८,००० आणि शिवाय फी. वयाची मर्यादा २४ पर्यंत. अर्जाचं काम महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात. तिथे दाद लागत नसेल तर मंगळवारी मोती तबेल्यात कलेक्टर कचेरीची जनसुनवाई असते. मी दोनदा गेले आहे. पाण्याची बाटली बरोबर न्या.

पण पैशाआधी कागद अडतात. समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा रहिवाशांचा नोंदणी क्रमांक, तोच बघा. मध्य प्रदेशात त्याच्यावाचून पान हलत नाही. कुटुंबाचा आकडा आठ अंकी, माणसाचा नऊ अंकी. ज्याला कुटुंबच नाही त्याने आठ अंकी आकडा कुठून आणायचा? तो सुटा काढून घ्यावा लागतो, आणि ते काम मूल संस्थेत असतानाच व्हायला हवं, कारण तेव्हा निदान पत्ता असतो. तसंच आधारवरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव आणि बँकेतलं नाव एक आहे का ते बघा. आमच्या मुलाचं एका कागदावर एक अक्षर जास्त होतं. त्या एका अक्षराने पहिला हप्ता चार महिने लांबवला. बँकेचं खातं त्याच्या एकट्याच्या सहीवर चालायला हवं, अधीक्षकांच्या जोडीने नाही.

जागेचं म्हणाल तर मुली आणि मुलगे यांच्यात फरक आहे. अठरावरच्या मुलीसाठी निदान दारं ठरलेली आहेत. संकटात असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन, वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा, साधारण पाच दिवसांपर्यंत. जास्त काळासाठी शक्ती सदन, ज्याला आधी स्वाधार गृह म्हणत. नोकरी लागली तर सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह. ती किती भरलेली असतात हा वेगळा विषय. मुलग्यासाठी असं काही नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा रात्री रस्त्यावर आला तर त्याच्या वाट्याला नगर निगमचं रैन बसेरा, म्हणजे रात्रनिवारा, जिथे शेजारच्या गादीवर कोण झोपलंय याचा पत्ता नसतो. आपल्याला वाटतं, मुलगा आहे, राहील कुठेही. हे वाटणं कायद्याच्या रकान्यातही उतरलंय, अशी माझी तक्रार आहे.

मग उरते भाड्याची खोली. भंवरकुआंकडे कोचिंगवाल्या मुलांच्या खोल्यांचं जंगलच आहे. दोघांत खोली घेतली तर भाडं परवडतं, मेसचा डबा लावता येतो, ५,००० त महिना कसाबसा निघतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मालक विचारतो, "वडील काय करतात?" पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर कायमचा पत्ता लागतो. इथे ओळखीच्या माणसाने स्वतः जाऊन उभं राहायचं. जामीनकी नका देऊ हवं तर, पण तोंड दाखवा.

काही मुलांना एवढ्याने भागत नाही, आणि तिथे वाट वेगळी आहे. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर मूल अठराचं झालं तरी पालकत्वाची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, आणि अशा प्रौढांसाठी 'घरौंदा' नावाची निवासाची योजना आहे. मानसिक आजार असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हाफ-वे होम (हॉस्पिटल आणि स्वतंत्र राहणं यांच्या मधल्या टप्प्याचं घर) आणि आधारासह राहण्याची घरं सरकारने पुरवायची आहेत. नुसतं घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला हॉस्पिटलात डांबून ठेवता येणार नाही, असंही त्यात आहे. कागदावर हक्क पक्का आहे, घरं मात्र शोधावी लागतात.

माझी भाची इंग्लंडमध्ये सोशल वर्क करते. तिच्याशी बोलताना कळलं की तिथे सरकारी देखभालीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अशा आधाराच्या घरांत ठेवतात, आणि २८ ऑक्टोबर २०२३ पासून त्या घरांना ऑफस्टेड या तपासणी संस्थेकडे नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी ती विनानोंदणी चालत होती. म्हणजे घरं आधी उगवली आणि नियम मागून आले. आपलं उलटं: नियम २०१६ चे, घरांची वाट बघतोय. तिचा मुख्य वैताग ऐकून मात्र मला हसू आलं. "मावशी, पाठवणारे फॉर्ममध्ये अर्धं लपवतात."

आमच्या मुलाला शेवटी खोली मिळाली ती सुदामानगरात, एका मराठी घराच्या गच्चीवर. या वेळी फॉर्म-बिर्म नव्हता. मी म्हटलं, तूच लिही. त्याने वहीचं पान फाडून हिंदीत लिहिलं, ते मराठीत असं: 'मला फिट येते. आली तर मला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. रात्री नऊची गोळी मी स्वतः घेतो. मला कुकर लावता येतो. मला अंधारात एकट्याने झोपायची सवय नाही, पहिले काही दिवस दिवा चालू ठेवीन, त्याचं बिल देईन.' खाली माझा नंबर.

मालकीणबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"कांदा नाही हुंगवायचा?"

"नाही काकू."

"आणि चप्पल?"

"तीपण नाही."

"बरं," म्हणत त्यांनी कागद स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या खिळ्याला टोचला आणि डब्यातून दोन किल्ल्या काढल्या. एक त्याला दिली, एक मला द्यायला हात पुढे केला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दुसरी तुमच्याकडेच राहू द्या काकू, माझ्या घरापासून लांब पडतं. दिव्याचं बिल मात्र ठरवून घ्या.